मागची काठी

प्रिय अक्का,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू आधी रडतेस आणि मग मलाच गप्प बसवतेस, म्हणून लिहायला बसलोय. बारावीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लावून वाच. भाऊजी रानात गेल्यावर वाच. दार पुढं करून बसलीस तर आणखी बरं.

इकडचं म्हणशील तर डाळिंबावर पुन्हा तेल्या आलाय, निम्मी झाडं काढावी लागतील. घोडी विकली, हे तुला सांगितलंच नव्हतं. मेंढरांमागं बिऱ्हाडच फिरत नाही तर तिला नुसती बांधून किती दिवस खायला घालायचं? मेंढरं तेरा उरलीत. आप्पांचा खोकला काही हटत नाही. डॉक्टर म्हणतात छातीचा फोटो काढा, आणि आप्पा म्हणतात, फोटो माझा कशाला, देवाचा काढ. असलं बोलायला लागलेत हल्ली. आधी मला हसू यायचं.

नागपंचमीला मी शिराळ्यात तुझ्याकडं आलो होतो, ते आठवतंय? तू बायकांना सांगत होतीस की आमच्या आईनं केदारनाथाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि तिथंच प्राण सोडला. मी कोपऱ्यात चहा पीत ऐकत होतो. तुझ्या शेजारची हरणाबाई उठली आणि चक्क माझ्या पाया पडली. आईला देवाच्या दारात पोचवणारा लेक म्हणे. मी पाय आखडून घेतले, तर तू म्हणालीस, लाजतोय आमचा धनाजी. लाज होती, अक्का, पण ती वेगळी.

आईनं देऊळ बघितलंच नाही. मीही नाही.

पायी चढ सुरू होतो त्या गौरीकुंडात खेचरवाले मागं लागले होते. मी तिला बस म्हणालो. ती म्हणाली, घोड्यावर बिऱ्हाड बसतंय, कोकरं बसत्यात, हातीपायी धड माणूस कवा बसलंय व्हय रं? तुला माहीतच आहे तिचं. मी दोनदा म्हणालो आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं, कारण ती चालणार आणि मी खेचरावर, हे काही जमलं नसतं. दोन काठ्या घेतल्या, खाली लोखंडी टोक असलेल्या, आणि निघालो.

वाटेतल्या भीमबलीपर्यंत ती चांगली आली. तिथं बसली. ओठ निळसर दिसत होते, पण थंडीनं असेल असं मी धरून चाललो. ती म्हणाली, बाळा, हितनंच हात जोडू, देवाला काय हितलं दिसत न्हाई व्हय. अक्का, हे तिनं स्वतःहून सांगितलं. आणि मी काय म्हणालो, तर एवढ्या लांबून येऊन दर्शनाबिगर गेलो तर गाव काय म्हणंल. तिनं पदर खोचला आणि उठली.

मग मी पुढं झालो. सातव्या वर्षी आप्पांनी मला कळपापुढं उभं केलं, तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती. पुढच्यानं मागं बघायचं न्हाई. पुढचा थबकला की मेंढरं थबकतात आणि वाटेत गुंता होतो. मागचं बघायला मागं माणूस असतंय. ते माणूस म्हणजे आई. कोरेगावाकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जायचो तेव्हा सगळी वाट मागून तिची काठी दगडावर वाजायची, आणि ती वाजते आहे तोवर मला कशाची भीती नसायची. त्या दिवशीही वाजत होती. टक, टक, माझ्या पावलाच्या मागं. मी तोंडानं मेंढरं हाकल्यासारखा आवाज करत चाललो होतो, तिला हसू यावं म्हणून. तासभर तरी असाच चाललो. चढ संपला तिथं पाणी प्यायला वळलो, तर मागं एक अनोळखी म्हातारा उभा होता. लाल स्वेटर घातलेला, आणि हातात आपल्यासारखीच काठी. त्या वाटेवर सगळ्यांच्याच हातात तसली काठी असते, गं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

पळत खाली आलो. एका चहाच्या टपरीशेजारी तिला ताडपत्रीवर निजवलं होतं, अंगावर टपरीवाल्याचं पांघरूण. त्यानं सांगितलं की ती बराच वेळ वर बघून कुणाला तरी हाका मारत होती. नाव त्याला सांगता आलं नाही.

नदीकाठी अग्नी दिला आणि आप्पांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, दर्शन झालं का रं तिचं? मी झालं म्हणालो. त्या एका शब्दावर बाकीचं सगळं गावानं रचलं. फ्लेक्सवर देवळाच्या पायरीशी तिचा फोटो चिकटवला, तो मी नको म्हणू शकलो असतो. तुझ्या देव्हाऱ्यातला केदारनाथाचा फोटो खाली गुप्तकाशीच्या बाजारातला आहे आणि प्रसादाची पुडीही तिथलीच.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवणार होतो. पण ज्या लालासाहेबांच्या रानात आपण मेंढरं बसवायचो, त्यांची बस वैशाखात केदारनाथला निघतेय आणि आप्पांनी त्यात नाव घातलंय. मला सोबत नको म्हणतात. घोंगडं चुलत्याला देऊन टाकलं, मेंढरं कुणाला द्यायची तेही ठरवलंय. काल अगदी खुशीत मला म्हणाले, तुझ्या आईसारखं पायरीवर डोकं टेकायचं आणि तिथंच ऱ्हायचं, माघारी कोण येतंय. त्या छातीनं ते पायरीपर्यंत पोचणार नाहीत, अक्का. तेही असेच कुठंतरी वाटेत, परक्याच्या पांघरुणाखाली पडतील, आणि ते माझ्या एका शब्दापायी. मी तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा त्यांच्या खोकल्याचं औषध विचारून परत आलो. ते ऐकतील तर तुझंच. रविवारी ये आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. मी मेंढरांकडं असेन. त्यांनी हाक मारली तर येईन, नाही मारली तरी संध्याकाळी येईनच. सगळं वाच, माझं काही झाकू नकोस. फक्त पुढच्यानं मागं बघायचं नाही, ते तेवढं वाचू नकोस. ते त्यांनीच शिकवलेलं आहे.

तुझाच,
धनाजी