झोपेत घेतलेल्या ताब्याबाबत

प्रति,
मा. संचालक (वैमानिक सेवानियम),
विमान वाहतूक नियामक कार्यालय,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : प्रवासी विमानांचे विश्रांतीचे नियम मालवाहू विमानांच्या वैमानिकांना लागू करण्याबाबत, तसेच माझ्या सहवैमानिकेचे निलंबन मागे घेण्याबाबत.

संदर्भ : चौकशी समितीचे, 'विमानाचा ताबा घेतेवेळी आपण जागे होता की झोपलेले' याचे एका शब्दात उत्तर मागणारे पत्र.

महोदय,

१. मी मालवाहू विमानांवर कप्तान आहे. वयाने सर्वांत मोठा असल्याने कंपनीत मला सगळे 'काका' म्हणतात. या नावाचा घटनेशी संबंध असल्याने ते येथे नोंदवले आहे.

२. आपल्या नियमांनुसार प्रवासी विमानाच्या वैमानिकाला दोन उड्डाणांच्या मध्ये पुरेशी सलग झोप मिळेल इतकी विश्रांती द्यावी लागते. मालवाहू विमानांना यातून सूट आहे. धावपट्टी तीच, आकाश तेच, विमानही त्याच कारखान्यातले. फरक इतकाच की आमच्या पाठीमागे माणसांऐवजी खोकी असतात. मात्र विमान कोसळलेच तर ते खोक्यांच्या वस्तीवर कोसळेल, अशी तरतूद मला नियमांत आढळली नाही.

३. कंपनीच्या हिशेबात आमची विश्रांती इंजिन बंद होताच सुरू होते. कागदपत्रे, तपासणी आणि बसची वाट पाहणे हे सारे तिच्यातच जाते. विश्रांती कक्ष गोदामाला लागून आहे. भिंतीपलीकडे माल उचलणाऱ्या गाड्या मागे येताना शिट्टी वाजवतात, आणि त्या बहुतेक वेळ मागेच येत असतात. खिडकीला पडदा नाही. सहवैमानिकेने एकदा पुठ्ठा लावला, तो ज्वलनशील म्हणून सुरक्षा विभागाने काढून नेला. झोप झालेली नाही, असे मी नियोजन विभागाला फोनवर कळवले, तेव्हा उत्तर मिळाले, "काका, झोपायला वेळ दिला होता ना? आता तो वेळ तुम्ही कसा घालवला, हा तुमचा खासगी प्रश्न."

४. घटनेच्या दिवशी आम्ही विश्रांती कक्षातून न झोपताच विमानात चढलो. लांबच्या उड्डाणात एकाने थोडा वेळ डोळे मिटावेत व दुसऱ्याने विमान सांभाळावे, अशी मान्य पद्धत आहे. उठणारा "ताबा माझ्याकडे" म्हणतो, दुसरा "ताबा तुमच्याकडे" म्हणतो, आणि मग डोळे मिटण्याची पाळी त्याची. पहिली पाळी माझी होती. ऊन समोरून येत असल्याने मी काळा चष्मा लावला होता. काही वेळाने मी "ताबा माझ्याकडे" म्हणालो, माझा हात सवयीने विमान वळवायच्या दांड्यावर गेला. सहवैमानिकेने रीतसर उत्तर दिले व डोळे मिटले. विमानातील ध्वनिमुद्रणात हे स्पष्ट ऐकू येते. त्यात ऐकू न येणारी गोष्ट अशी की ते वाक्य बोलताना मी झोपेत होतो.

५. विमान ठरलेला विमानतळ ओलांडून पुढे गेले. नियंत्रण कक्षाने उड्डाण क्रमांकाने वारंवार हाका मारल्या. त्यांनी आम्हाला जाग आली नाही. शेवटी जवळच्या दुसऱ्या विमानातील माझ्या जुन्या विद्यार्थ्याने रेडिओवर विचारले, "काका, अहो काका, कुठे निघालात?" त्या नावाने मी उठलो. विमान वळवून सुखरूप उतरवले. कंपनीच्या अहवालात 'मालाचे नुकसान नाही' एवढीच नोंद आहे.

६. समितीचे म्हणणे असे की ताबा कुणाकडे तरी होताच. मी 'जागा' लिहिले, तर ताबा घेऊन झोपलो म्हणून माझा परवाना जातो. 'झोपलेला' लिहिले, तर झोपलेल्या माणसाच्या हाती विमान दिले म्हणून तिचा जातो. ती मला म्हणाली, "काका, झोपलो होतो म्हणून लिहून टाका. तुमच्या मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून. माझं काय, मी काहीतरी करीन." जे खरे आहे तेच ती मला लिहायला सांगत होती, म्हणून ते लिहिणे अधिक अवघड झाले.

७. मी झोपेत हे वाक्य बोलतो, याला पुरावा आहे. पत्नीचे निवेदन सोबत जोडले आहे. तिच्या सांगण्यानुसार मी घरीही "ताबा माझ्याकडे" असे ठणठणीत आवाजात म्हणतो आणि ती "बरं, राहू दे तुमच्याकडेच, कुशीवर वळा" असे उत्तर देते. इतकी वर्षे शेजारी झोपणाऱ्या बाईलाही पूर्वी मी जागा असल्यासारखा वाटे. मग काळ्या चष्म्याआडचे डोळे सहवैमानिकेला कसे दिसावेत?

८. मागील वर्षी आम्ही शर्यतीचे घोडे नेत होतो. वाटेतल्या थांब्यावर पशुवैद्यकाने विमान अडवले. घोड्यांची विश्रांती पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या निमित्ताने आम्हा दोघांनाही हॉटेलची खोली मिळाली व मी जाग येईपर्यंत झोपलो. तेव्हा नियम बदलण्यास विलंब लागणार असल्यास तूर्त आम्हाला घोडे समजण्यात यावे. तेही शक्य नसल्यास प्रत्येक मालवाहू विमानात एक प्रवासी बसवण्यास परवानगी द्यावी, म्हणजे प्रवासी नियम आपोआप लागू होतील. माझ्या सासूबाई तयार आहेत. त्यांची खिडकीचीही अट नाही.

९. वरील परिच्छेद आपणास थट्टेचा वाटल्यास वगळावा. पुढील वगळू नये. माझ्या उत्तराची वाट न पाहताच सहवैमानिकेला निलंबित केल्यामुळे तिची उड्डाणे माझ्या वाट्याला आली आहेत. घटनेनंतर मी पूर्वीपेक्षा कमी झोपतो व जास्त उडतो. उद्याच्या यादीत माझे नाव आहे.

१०. समितीला माझे एका शब्दातले उत्तर : झोपलेला. त्यासोबत माझे म्हणणे असे की ताबा देताना तिने पद्धत तंतोतंत पाळली. चूक मोजायचीच असेल तर ती ज्याने झोपेत ताबा घेतला त्याची आणि ज्या नियमाने त्याला त्या अवस्थेत चढू दिले त्याची मोजावी. निर्णय होईपर्यंत मी विमान चालवणार नाही. उद्या माझ्या जागी कंपनी ज्याला पाठवेल, त्याची झोप झाली आहे का, एवढे कृपया कुणीतरी विचारावे.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार कप्तान
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. पत्नीचे निवेदन.
२. वैमानिक परवाना, मूळ प्रत.

साक्षीदार : अर्ज लिहून सही करताना अर्जदार जागे होते. मी दोनदा विचारून खात्री केली आहे.
(पत्नीची सही)