काकूला परत पाठवायचं कसं

३० सप्टें. ०७, रवि.
अखेर सुरुवात केली. जुन्या गेममधले प्राणी नव्या गेममध्ये हलवतोय. खालच्या स्लॉटमध्ये जुनी कार्ट्रिज, वर नवी. दिवसाला सहाच जातात. एकदा गेला की परत फिरवता येत नाही, हे यंत्र आधीच बजावतं. चौऱ्याण्णव आहेत, म्हणजे सोळा दिवस. लॅबमध्ये दिवसभर या नळीतलं त्या नळीत करतो, घरी येऊन पुन्हा तेच. वय तीस. आईला वाटतं मी संशोधन करतो.
पहिल्या सहांत काकू. गोल, आखूड पायांची, लढाईत काडीच्या कामाची नाही. टेक्सासला, अर्विंगमध्ये राहून एम.एस. करत होतो तेव्हा रूममेट केदारनं केबल लावून त्याच्या गेममधून मला दिली होती. नाव त्यानंच ठेवलेलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंवरून. परीक्षेच्या दिवसांत त्या न बोलता पोह्यांचा डबा दारात ठेवून जायच्या.

२ ऑक्टो., मंगळ.
प्रत्येक प्राण्याच्या पानावर मूळ मालकाचं नाव असतं. नव्या गेममध्ये नेलं तरी तेच राहतं. काकूवर केदारचं, माझ्या बाकी सगळ्यांवर ‘नागपूर’. तेव्हा नागपूरकर लिहायचं होतं, पण सातच इंग्रजी अक्षरं मावतात.
मे महिन्यात नवा गेम घेतला तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. नाव विचारलं, बोटांनी ‘मेश्राम’ टाकलं. सात अक्षरं, बरोब्बर बसलं.
आज ढेमसं नावाच्या प्राण्याला घेऊन गेममधल्या नाव बदलून देणाऱ्या बाबाकडे गेलो. म्हणे, हे नाव दुसऱ्या कुणी ठेवलंय, मी हात लावणार नाही. अरे बाबा, मीच ठेवलंय. कुणाला सांगतो.

५ ऑक्टो., शुक्र.
एडिसनहून केदारचा फोन. “काय नागपूरकर, जिवंत आहेस ना? माझी जुनी कार्ट्रिज घर शिफ्ट करताना हरवली यार. सगळं गेलं. काकू आहे ना तुझ्याकडे? ती परत दे मला. तेव्हाचं तेवढंच उरलंय. फ्रेंड कोड मेल कर, नेटवर ट्रेड करू.”
हो म्हणालो. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ट्रेडच्या स्क्रीनवर माझं नाव दिसणार. मेश्राम.
केदारला मी आजवर नागपूरकरच आहे. अमेरिकेत यायच्या आधी नेटवरच्या ग्रुपवर तेच लिहिलं होतं. लीज त्याच्या नावावर. फक्त युनिव्हर्सिटीची पत्रं खऱ्या आडनावानं यायची, म्हणून मेलबॉक्सची एकुलती किल्ली मी सांभाळायचो. पत्रं मी आणायची, भांडी त्यानं घासायची. त्याला वाटायचं मी कामचुकार.

९ ऑक्टो., मंगळ.
जुनी कार्ट्रिजच पोस्टानं पाठवली असती. तिच्यात मी ‘नागपूर’च आहे. पण काकूला पहिल्याच दिवशी इकडे आणून बसलो. अति घाई, संकटात नेई.
नवा गेम पुसून खोट्या नावानं पुन्हा सुरू केला तर इकडे आलेले सगळे जातील, काकूसकट.
एकदा जेवताना केदार म्हणाला होता, “आपल्याला मार्कांवर यावं लागतं. त्यांचं काय, सर्टिफिकेट दाखवलं की झालं.” बाकीचे हसले. मीही हसलो, आणि भात वाढून घेतला. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

१४ ऑक्टो., रवि.
सुजातामावशींकडे बुद्धवंदना, मग खीर. इथली आपली सगळी माणसं. मावशी पक्क्या नागपूरच्या. “काहून रे, इतका वाळला? जेवतो का नाही?” इथे मला कुणी आडनाव विचारत नाही, माहीतच असतं. तेवढाच खांद्यांना आराम.
त्यांची मृणाल, बारा वर्षांची, माझा गेम घेऊन बसली. “काका, हू इज नागपूर? ऑल युअर गुड वन्स आर हिज.”
म्हटलं, जुना रूममेट.

१८ ऑक्टो., गुरु.
केदारची तिसरी मेल. कोड? लॅबमध्ये डेडलाइन आहे, हे दोनदा सांगून झालं. खोटं लक्षात ठेवायचा आता कंटाळा आलाय.
कोड पाठवला.

२० ऑक्टो., शनि.
दुपारी दोघंही ऑनलाइन, फोन स्पीकरवर. माझं नाव त्याच्याकडे उमटलं असणार. तो म्हणाला, “आलास? पाठव काकूला.”
“नाव बघितलंस?”
“बघितलं.”
“काही विचारणार नाहीस?”
“काय विचारू? मला माहितीये यार. तू थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत शिकागोला गेलास तेव्हा लीजिंग ऑफिसमधून दुसरी किल्ली आणली होती. तुझी पत्रं होती. तशीच परत ठेवली.”
“बोलला नाहीस कधी.”
“तूच नाही बोललास. म्हटलं, तुला नको असेल.”
काकू गेली. बदल्यात त्यानं कुठलातरी किडा पाठवला.

२१ ऑक्टो., रवि.
हलकं वाटायला हवं होतं. पण सकाळपासून तारखा जुळवत बसलोय.
शिकागोला चुलतभावाकडे मी दोन्ही वर्षी गेलो होतो. सर्टिफिकेटचं ते बोलणं दोन्हींच्या मधल्या उन्हाळ्यातलं. पत्रं त्यानं पहिल्या वर्षी बघितली असतील तर मी कोण हे माहीत असून, माझ्यासमोर बसून तो ते बोलला. दुसऱ्या वर्षी बघितली असतील तर माहीत नव्हतं. आणि त्यानंतर तसं कधी बोलला का? आठवून पाहतोय. बोलल्याचं आठवत नाही. पण मला तसंच आठवायला हवंय, हेही खरं.
आजचे सहा हलवले. चार उरलेत.
संध्याकाळी त्याची मेल: “काकू पहिल्याच लढाईत आडवी झाली. काही बदललेली नाही. फोन कर, मेश्राम.”
मेश्राम. त्याच्याकडून पहिल्यांदाच.
उत्तर लिहायला बसलो. “केदार, पहिल्या वर्षी की दुसऱ्या?” एवढं लिहून झालंय. अजून पाठवलेलं नाही.