उजव्या बाजूचं बटण

९ मार्च

घेतलं! नको नको म्हणता घेतलंच शेवटी.

निरंजननी ऑफिसची गाडी मागून आणली आणि मला खकनारला घेऊन गेले. ऑगस्टपासून दवाखाना सोडून एवढी लांब गेलेच नव्हते. स्कूटीवरून पडले ते वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. त्यांना कळलं असणार. जास्तच बोलायला लागले — केळीचा भाव, ऊन, साहेबांच्या पोरीचं लग्न.

दुकान मोबाईल रिपेरिंगचं. मालक चुडामण. गेमचा डबा त्याच्या भावाचा. भाऊ सुरतला कामाला गेला आणि जाताना बटणांचा कंट्रोलर घेऊन गेला, तिकडे मोबाईलला जोडून खेळतो म्हणे. डबा इथंच पडून. चुडामणनं तो दुकानातल्या टीव्हीला लावून दाखवला. निळा दिवा लागला. पडद्यावर आलं — कंट्रोलर जोडा. बस्स. पुढं काही दिसेना. आत गेम चालतो की नाही, बघायला मार्गच नाही.

चुडामण म्हणाला, "चालू झाला ना? मतलब चांगला आहे. कंट्रोलर तो कहीं भी मिल जाएगा, भाभी."

निरंजननी लगेच मान हलवली. माझ्यासाठी म्हटलं की त्यांना हल्ली कशालाच नाही म्हणता येत नाही.

हे सगळं निशामुळं. निशा म्हणजे फिजिओवाली, घरी येते. तिला दिसलं की व्यायामाचा चेंडू बघून मी तोंड फिरवते. म्हणाली, ताई, बटणवाला गेम आणा. अंगठा आज नाही हलला तरी हलवायची सवय डोक्यातून जायला नको. खांद्याजवळच्या नसा ओढल्या गेल्यात. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष थांबा, नस आली तर आली. खांदा थोडा उचलतो, कोपर थोडं वाकतं. पंजा मात्र मेलेला. चिमटा काढला तरी कळत नाही. मागं गरम इस्त्रीला टेकला तर वास आल्यावर कळलं.

हात दुखला. डावा. याला लिहायची सवय नाही.


१० मार्च

घरच्या टीव्हीवरही तेच. कंट्रोलर जोडा.


१३ मार्च

गांधी चौकाकडच्या एका दुकानातून निरंजन कंट्रोलर घेऊन आले. नवा, डुप्लिकेट. दिवा नुसता लुकलुकत राहिला, जोडलाच जाईना. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून सगळं करून पाहिलं. परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, "भैया, ये तो पीसी का है." ओरिजिनल मागवून देतो म्हणाला. कधी, ते नाही सांगितलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या अपघातानंतर फोपनारहून आल्या त्या इथंच आहेत. मला आंघोळ घालतात, वेणी घालतात, निऱ्या धरतात. लग्न झालं तेव्हा माझ्या नोकरीवरून आमचं फार वाजलं होतं. आता मी नोकरीला जात नाही आणि त्या शेतात जात नाहीत. दोघी समोरासमोर बसून असतो.


१४ मार्च

शाळेतून मोठ्या मॅडमचा फोन. तब्येत विचारली. मग म्हणाल्या, पूर्णिमा, जूनला शाळा उघडायच्या आत सांग. आठवी-नववीचं गणित बिनटीचरचं नाही ठेवता येत मला. चूक काहीच नाही त्यांची. मी म्हटलं, सांगते.

काय सांगणार आहे?

डाव्या हातानं फळ्यावर लिहिते असं मनात आणून बघितलं. आमची पोरं हसणार नाहीत, उलट फार चांगलं वागतील. तेच नको आहे.


२२ मार्च

निरंजन पहाटेच्या गाडीनं जळगावला गेले आणि तिथून कंट्रोलर आणला. जुना, पण कंपनीचा. लगेच जोडला गेला. डब्यात एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम आधीच भरलेला होता. उजव्या बाजूचं बटण दाबून धरलं की गाडी पळते, डावीकडच्या दांडीनं वळते. निरंजन पोरासारखे खूश झाले. मला गादीवर बसवलं, पाठीशी उशी दिली, उजवा पंजा उचलून कंट्रोलरवर ठेवला, बोटं एकेक करून दुमडली.

हात घसरून मांडीवर पडला.

पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. डाव्या हातात धरून बसले तर उजवा नुसता शेजारी. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. माझी लाल गाडी रेषेवर उभी.

ते म्हणाले, "होईल गं. हळूहळू होईल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्हाला खेळायचं होतं म्हणून आणलं तुम्ही हे. माझं नाव कशाला पुढं करता?"

त्यांनी वायरी काढल्या, गुंडाळल्या, डबा पलंगाखाली सरकवला. जेवताना माझ्या ताटातली पोळी नेहमीसारखी कुस्करून दिली.

मला माहीत आहे ते खोटं होतं. तरी मी बोलले.


२४ मार्च

काही नाही.


३० मार्च

निशा भावाच्या लग्नासाठी गावी गेली. व्यायाम बंद. कोणी आठवणही करत नाही, बरं आहे.

आज ब्लाऊजचे हुक सासूबाई लावत होत्या आणि मला एकदम वाटलं, असंच म्हातारं व्हायचं. या थकतील, मग निरंजन लावतील, मग ते थकतील. सकाळी डोळे उघडतात त्याचाच राग येतो. घरात कोणाला सांगू नाही शकत. इथं लिहिलं.

हाताकडे बघते तर तो माझा वाटतच नाही. शेजारणीनं ठेवायला दिल्यासारखा वाटतो.


२ एप्रिल

आज काहीतरी झालं. सगळं लिहिणार, कितीही वेळ लागो.

निरंजन ऑफिसला गेलेले. सासूबाई झाडू मारत होत्या. पलंगाखालून डबा बाहेर ओढला आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "हे कसं लावतात, सांग मले." मी म्हटलं, राहू द्या आई. त्या उठल्याच नाहीत. मग सांगितलं — ही वायर टीव्हीत, ही भिंतीत. त्यांनी आधी टीव्ही नीट पुसून घेतला, मग वायर लावली.

माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. माझा पंजा कंट्रोलरवर ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांनी वरून-खालून धरून ठेवला, पडू नये म्हणून. म्हणाल्या, "मी धरते. तू डोळे तिकडं ठेव. दाब."

मी पडद्याकडं बघितलं. अंगठ्याला मनातल्या मनात सांगितलं — दाब. काही कळलं नाही. कळतच नाही त्याला काही. पण गाडी हलली!

हलली, आणि सरळ जाऊन भिंतीला आपटली. सासूबाई म्हणाल्या, "अवं, ते जनावर आहे का गाडी?" आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी. पोट दुखेपर्यंत हसले.

गाडी हलली म्हणजे अंगठा हलला. मला कळत नसेल, पण पडदा खोटं सांगणार नाही.


३ एप्रिल

पुन्हा हलली. तीनदा पडलो खड्ड्यात. शेवटून पहिला नंबर.


८ एप्रिल

रोज दुपारी जेवण झालं की बसतो. सासूबाईंना आता नकाशा पाठ झालाय. पुलाआधी "थांब थांब" म्हणतात. निरंजनना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझा पंजा हातात घेऊन बसले. मग डोळे पुसले. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं वाटतं, कारण साहेबांनी केळीची फणी पाठवली. जिकडं तिकडं केळीच केळी, त्या बुरहानपुरात केळी पाठवतात!

मी आज मोठ्या मॅडमना फोन लावला. म्हटलं, जूनमध्ये येते. खडू धरायला थोडा वेळ लागेल, पण येते. त्या म्हणाल्या, तुझीच जागा आहे.

वेणी घालताना सासूबाईंना हे सांगितलं. त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "एवढ्या लवकर कशाला सांगितलं?" मला वाटलं, तोच जुना नोकरीचा राग. वाईट वाटलं थोडं. सोडून दिलं.


११ एप्रिल

निशा आली.

निरंजन मुद्दाम घरी थांबले होते. म्हणाले, आधी गेम दाखव तिला. टीव्ही लावला. निशानं माझा हात धरला, कंट्रोलर खाली उशीवर टेकवला, माझा अंगठा बटणावर ठेवला. म्हणाली, "दाबा ताई."

दाबलं. मनापासून दाबलं.

गाडी उभी.

निशानं जागा बदलून पाहिली. मनगटाला आधार देऊन पाहिला. मग कंट्रोलर बाजूला ठेवून अंगठ्याच्या मुळाशी आपलं बोट टेकवलं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. एकदा, दोनदा, खूपदा. शेवटी हळूच म्हणाली, "ताई, इथं अजून काहीच येत नाहीये."

निरंजन म्हणाले, अगं रोज हलते गाडी, कालसुद्धा हलली, आईला विचार.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलंच नाही.

तेव्हा कळलं मला.

निशा गेल्यावर विचारलं, "तुम्ही दाबत होतात?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या दिशी उगा दाबून पाह्यलं, कसं चालतं ते. तू हसली. एवढ्या महिन्यांनी हसली तू. मंग मले बोट काढता नाही आलं."

मी ओरडले नाही. अगदी शांतपणे बोलले, त्याचंच आता वाईट वाटतंय. म्हटलं, "आजपासून माझ्या हाताला हात लावायचा नाही तुम्ही."

त्या "बरं" म्हणाल्या.


१२ एप्रिल

आंघोळ नाही. वेणी नाही.


१४ एप्रिल

सासूबाई फोपनारला गेल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, शेतावर बघायला कोणी नाही, असं निरंजनना सांगितलं. मला काही सांगितलं नाही. जाताना माझे सगळे ब्लाऊज पलंगावर ठेवून गेल्या. हुक काढून पुढच्या बाजूला टिचबटणं लावलेली. एका हातानं लागतात.

कधी शिवलं त्यांनी? मी तर दोन दिवस त्यांच्याकडं बघितलंही नव्हतं.


१९ एप्रिल

आखाजी. निरंजननी वेणी घातली, वाकडी. पुरणपोळी शेजारून आली. ते म्हणाले, आईला फोन करू का, बोलतेस? मी नाही म्हटलं.


२३ एप्रिल

शाळेला फोन केला. म्हटलं, मॅडम, माझी जागा भरा.

त्यांनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. नुसतं पोकळ वाटलं. आठवीच्या त्या मुलींना वर्गमुळं नीट कळली नव्हती, मी पडले तेव्हा तिथंच थांबलो होतो. ते आता दुसरं कोणी शिकवेल. चांगलं शिकवेल.


२८ एप्रिल

ऊन असं की खिडकीची सळई धरवत नाही. डाव्या हाताला.

निरंजन वाळलेत. सकाळी माझं सगळं आवरून, डबा भरून ऑफिसला जातात. एकदाही वैतागत नाहीत. वैतागले तर बरं वाटेल. काल म्हटलं, दुसरं लग्न करा. त्यांनी भाजी चिरता चिरता वर बघितलं आणि म्हणाले, "आज मीठ कमी घालतो. काल जास्त झालं होतं."


४ मे

गेमचा डबा नजरेसमोर नको. निरंजनना म्हटलं, परत देऊन टाका चुडामणला, नाही घेत म्हणाला तर तिथंच ठेवून या. ते म्हणाले, उद्या ऑफिसातून आलो की नेतो.

 बरं झालं.


५ मे

शेवटचं म्हणून टीव्ही लावला. फक्त बघायचं होतं — पंजा मेलाय ना, मग नीट मेलाय का.

कंट्रोलर मांडीवर घेतला. ओढणी दातात धरून उजवा हात त्याला बांधला. अंगठा बटणावर ठेवला. डावा हात मांडीखाली दाबून बसले. गाडी रेषेवर उभी असताना मनातल्या मनात म्हटलं — दाब.

गाडी हलली.

घरात कोणी नव्हतं.