दोन काठांची संस्था

२ जून २०१४
तेलंगण झालं! ह्यांनी ढोल बडवून बडवून हात सुजवून घेतले. आंदोलनात तुरुंग पाहून आलेला माणूस — त्याला आज कोण अडवणार! गूळ वाटला, रडले, पुन्हा ढोल. मीही नाचले.
संध्याकाळी भाकऱ्या थापताना धरणाच्या पाण्याकडे नजर गेली. समोरच्या काठावर माझं माहेर. कालपर्यंत नुसतं पलीकडे होतं. आज आंध्रात, परराज्यात!

९ जून
अण्णा होडीनं आला. कोटय्या, माझा थोरला भाऊ. आमच्या दोन्ही काठांच्या मासेमारी संस्थेचा अध्यक्ष. गोंगुराच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीची बरणी काखेत, आणि दारातूनच ओरडा — "पेंटय्या, तुमच्या राज्यात शिरायला परवाना लागतो का रे?"
हे म्हणाले, "तुला लागतो. चटणीला नाही."
दोघं पोट धरून हसले. पण जेवताना ह्यांनी विषय काढलाच. राज्य वेगळं झालं, आता संस्थाही वेगळी करू. बर्फघर तुमच्या काठावर, लिलाव तुमच्या काठावर, अध्यक्षही कायम तुमचाच!
अण्णाचा घास हातातच राहिला. "तुझ्या बापानं आणि माझ्या बापानं मिळून काढलीय ती."
"त्यांच्या वेळी राज्य एक होतं."
अण्णा अर्धपोटीच उठला. बरणी तेवढी ठेवून गेला.

२१ जुलै
हैदराबादचा वकील दोन्ही काठांच्या लोकांना समजावून गेला. राज्याचे दोन भाग झाले आणि सभासद दोन्हीकडे राहिले, की केंद्राच्या कायद्यानं संस्था आपोआप बहुराज्य संस्था ठरते. आता वरचा निबंधक दिल्लीचा. तोडायचीच असेल तर सभेत मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूनं हवेत.
अण्णा म्हणाला, "बघ! दिल्लीला कळलं, तुला नाही."
"आणतो दोन तृतीयांश!" हे गरजले.
आमच्या काठावर सभासद जास्त आहेत. आणतीलही.

३ ऑगस्ट
दोघांचं बोलणं बंद. "तुझ्या भावाला सांग —" "तुझ्या नवऱ्याला सांग —" मी काय पोस्ट आहे?

२ ऑक्टोबर
बतुकम्माच्या फुलांच्या सणाचा शेवटचा दिवस. लग्न झाल्यापासून अण्णा साडी घेऊन आला नाही असं कधी झालं नव्हतं. या वर्षी नाही आला. तंगेडूची पिवळी फुलं रचता रचता डोळे भरले. ह्यांनी पाहिलं. शेजारी बसून फुलं देऊ लागले — सगळी उलटी! मी गुपचूप सुलटी करून घेतली.
घरात मात्र रोज तेच. ताट आपटणं, दार आपटणं.

१२ ऑक्टोबर
बर्फघरात सभा. गुप्त मतदान. 'वेगळं व्हावं' किंवा 'नको'. बाबांच्या जागी मीही सभासद. चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले — एकीकडे कुंकू, एकीकडे बाबा. शेवटी कोरीच टाकली.
ठराव पडला. दोन तृतीयांशाला एकच मत कमी!
पलीकडच्यांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या काठची पोरं ह्यांच्याकडे बघत राहिली. येताना होडीत हे मान खाली घालून वल्हवत होते. मी पाठीवर हात ठेवला. माझं माणूस हरलं होतं, आणि मला आतून हलकं वाटत होतं. कसली बाई मी!

१३ ऑक्टोबर
अण्णा आला, हे पाण्यावर गेल्यावर. उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. मी 'वेगळं व्हावं' टाकली."
"अण्णा! तू?"
"तुझ्या घरात रोज आदळआपट. संस्थेपायी तुझा संसार नासावा होय? जाऊ दे म्हटलं. तरी पडलाच ठराव."
खोबऱ्याचा लाडू दिला तर अर्धा मलाच भरवला.

१४ ऑक्टोबर
राहवलं नाही. ह्यांना सांगितलं. विणत असलेलं जाळं मांडीवर पडलं. "कोटय्यानं?" मग जाळं बाजूला सारलं. "मी 'नको' टाकली होती गं. तुझं माहेर तुटेल म्हणून."
आणि चपलाही न घालता होडीकडे पळाले.