बायपासच्या आदल्या दिवशीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, तलावावर मुलांना पोहायला शिकवून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मालमत्तेची ही व्यवस्था लिहून ठेवते. डोकं ठणठणीत आहे. तक्रार फक्त हृदयाची आहे.

ती हकीकत अशी. छातीत कळ आली तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. थोड्याच दिवसांत मी पुन्हा पाण्यात होते. पुढे जिना चढताना तीच कळ. स्टेंटच्या आतच पेशी वाढून वाट अरुंद झाली होती.

"गोळ्या चुकवल्या नाहीत हो मी," मी डॉक्टरांना म्हणाले.

"तुमची चूक नाही. तुमचं शरीर जखम भरायला जरा जास्तच उत्साही आहे."

मग औषध लावलेल्या फुग्याने वाट रुंद केली. ती पुन्हा आवळली. स्टेंटच्या आत दुसरा स्टेंट बसला. तिथेही तेच. म्हणून उद्या बायपास: छातीतलीच एक रक्तवाहिनी अडथळ्याच्या पुढे जोडणार आहेत. मी घाबरले आहे, हे इथे नमूद करते.

१. राहतं घर माझ्या पश्चात थोरलीला मिळावं. थोरली म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांच्या पहिल्या पत्नीची मुलगी. मला पोटचं मूल नाही, त्यामुळे धाकटी कोणी नाही; नाव मात्र थोरलीच राहिलं. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. सुरुवातीला 'अहो'वरच भागवायची, मग 'मावशी'वर आली. माझे दीर म्हणतात, "ती तुझी कोण लागते?" उत्तर लिहून ठेवते. फुग्याच्या खेपेला नर्सने तिला विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"मुलगी," ती म्हणाली.

मी डोळे मिटून पडले होते, तशीच पडून राहिले. उघडले असते तर ती लाजली असती, मी रडले असते, आणि नळी घातलेलं मनगट डोळे पुसायलाही हलवायचं नाही अशी ताकीद होती.

२. बँकेतल्या ठेवीतून तलावाच्या उथळ बाजूला कठडा बसवावा. पाण्याला भिणाऱ्या पोरांना धरायला काहीतरी लागतं. व्यवस्थापकांनी मला वर्षानुवर्षं "बघू" म्हणून टोलवलं. आता मेलेल्या बाईला काय सांगतात ते बघूच. उरलेली ठेव थोरलीची.

३. दिरांनी माझ्या यजमानांचा कॅमेरा नेला, तो त्यांनाच राहू द्यावा. त्यातले बापलेकीचे फोटो मात्र मागून घ्यावेत, गोड बोलून. ते गोड बोलण्याला भुलतात.

४. शिट्टी तलावावरच्या नव्या शिक्षिकेला. आधी उकळत्या पाण्यातून काढावी.

५. उद्या काही बरंवाईट झालं तर डॉक्टरांशी कोणी भांडू नये. त्यांनी दर खेपेला खरं तेच सांगितलं आणि सांगताना खुर्ची ओढून शेजारी बसले.

६. हे लिहीत असताना थोरली बॅग भरायला आली.

"मावशी, तू परत येणारच नाहीस असं ठरवून टाकलंस का?"

"नाही गं. आले तर मला जिना कोण चढवणार, तो विचार चाललाय."

"मी आहे ना."

"आणि तुझी भाड्याची खोली?"

"सोडते." तिने माझा टॉवेल घडी करून बॅगेत ठेवला. "पण कपाटाचा वरचा कप्पा माझा."

म्हणून पहिल्या कलमातले 'माझ्या पश्चात' हे शब्द रद्द समजावेत. घर आजपासून आम्हा दोघींचं. वकील म्हणतात, मृत्युपत्रात असं चालत नाही. नसेल चालत. किल्ली मी तिला देऊन टाकली आहे, आणि कप्पा रिकामा केला आहे.

सही: थोरलीची आई

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. आमचे नेहमीचे डॉक्टर (बाई शुद्धीवर आहेत, हट्टीही आहेत)
२. खालच्या मजल्यावरचे औषधवाले

ठिकाण: आमच्या दोघींचं घर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सकाळ