अक्काच्या पायातला काटा

सास्तूर, मंगळवार

ती. शांताक्कास,
धाकट्या बलभीमचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; वाकलो तर उठता येत नाही). तेरला सगळी बरी असतील. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी सरपंचकी लढवणार, ही बातमी तुझ्यापर्यंत आलीच असेल. ती खोटी आहे. शंभर पावलं चाललो की पोटरीत गोळा येतो. घटकाभर थांबलं की जातो. भररस्त्यात उगीच थांबायची लाज वाटते, म्हणून गोळा ज्याच्या दारात येईल त्याची विचारपूस करायला लागलो. म्हशीची, सुनेची, पीकविम्याची. (भूकंपाआधीच्या गावात दहा पावलांवर ओटा होता, कुणी ना कुणी बसलेलं असायचं. नव्या गावात नुसते रुंद रस्ते. त्या ओट्यांची फार आठवण येते गं.) महिनाभरात लोक मला चहा पाजू लागले आणि आपला सरपंच शिवप्पा घरी येऊन म्हणाला, "अण्णा, लई फिरायलाव. माझं काय चुकलं का?"

शेवटी पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दोन महिने भरेना, तेव्हा सून सोनालीनं सोलापूरला दवाखान्यात नेलं. पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. जांघेतून तार घालून आत फुगा फुगवायचा, लागलीच तर बारीक जाळी बसवायची. जखम भरेल, अंगठा वाचेल, चालणं वाढेल. पण टोचल्या जागी रक्त वाहू शकतं, गुठळी होऊ शकते, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि एवढं करून वाहिनी पुन्हा तुंबू शकते. काहीच नाही केलं, तर अंगठा जाईल, कदाचित पायसुद्धा. (डॉक्टरांना विचारलं, माझ्या जागी तुम्ही काय कराल? म्हणाले, आधी तंबाखू सोडेन. सोडली.)

परवा असाच एका दारात खोटी चौकशी करत थांबलो होतो, आणि एकदम आपली लोहाऱ्याच्या बाजाराची वाट आठवली. मी सहा वर्षांचा, तू अकराची. मी दमलो की नेमका तुझ्या पायात काटा मोडायचा. "थांब रं, काटा घुसलाय," म्हणत तू बांधावर बसायचीस आणि कितीतरी वेळ टाच कोरायचीस. मी ऐटीत म्हणायचो, पोरींना चालताच येत न्हाय. अक्का, साठ वर्षांनी कळलं, काटा नव्हताच. लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

तर मी ठरवलंय, काही करायचं नाही. पाय माझा आहे, राहील तेवढे दिवस राहील. तू काळजी करू नकोस.

तुझा,
बलभीम

ता. क. वर लिहिलेलं ठरवणं मोडलं. येत्या सोमवारी फुगा घालणार आहेत. कागदावर सही केली. पहिली चुकून डॉक्टरांच्या जागी केली, म्हणून दोनदा करावी लागली.

आणखी एक. दवाखान्याच्या फाटकापासून खाटेपर्यंत लांबलचक व्हरांडा आहे. चाकाची खुर्ची देतात, पण मला चालत जायचंय. भीती वाटते गं. तू ये. मधेच मी थांबलो, तर काटा तुझ्या पायात मोडू दे.