पापडाचं निमित्त

बाई, आज कॉलेजात भांडून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडून आलं की तुम्हालाच सांगावंसं वाटतं. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पोरं-पोरी आता प्रकल्प यंत्राकडून लिहून घेतात. एआय म्हणतात त्याला. मोबाइलवर प्रश्न टाकला की पानंच्या पानं तयार. बैठकीत ठरलं, हरकत नाही, घेऊ द्या. मी म्हटलं, माझ्या विषयात चालणार नाही. विभागप्रमुख हसले. "मॅडम, तुमी पोरींचंच नुकसान करून राहिल्या."

झोंबलं मला, कारण ते सगळंच खोटं नाही. परतवाड्याहून रोज बसनं येणारी एक मुलगी आहे. तिनं बायकांच्या घरकामावर प्रकल्प घेतला. यंत्रानं लिहून दिलं, आई ही कुटुंबाचा कणा असते, ती प्रेमानं, न थकता राबते. न थकता म्हणे! हिची आई दिवसभर भाजीबाजारात बसते आणि संध्याकाळी गरम पाण्यात पाय टाकून सगळ्या घराला शिव्या घालते, हे मला हिनंच सांगितलेलं. बाईच्या कष्टांवर लोकांनी आजवर जी साखर पेरली, ती सगळी त्या यंत्रानं खाल्ली आणि आता तीच आमच्या पोरींच्या तोंडात कोंबतंय. मी प्रकल्प परत केला. सोमवारी नवा आला नाही, तर तिचं वर्ष जाणार. ती रडली नाही. म्हणाली, "भांडे, सैपाक, भावाचा डबा, मंग बस. लिव्हू कवा, मॅडम? तुमी नाही म्हणता, पन वेळ कोन देते?"

मग मी तुमच्या शाळेत शिकत होते तेव्हाचं तुमचं अकोल्याचं स्वयंपाकघर आठवलं. भर उन्हाळ्यात तुम्ही आमच्या दारात येता, पदरानं घाम पुसत आईला म्हणता, "पोरीले धाडा, पापड लाटाले हात कमी पडून राहिले." पापडाला कोण नाही म्हणणार? आपलं लाटणं घेऊन एकमेकींकडं जायची रीतच होती. मी लाटणं घेऊन पोचते, तर तुमचे पापड केव्हाच वाळून डब्यात गेलेले! "ठेव ते तिकडं. आधी बोल, मंग लिही." मी पुस्तकातलं घडाघडा म्हणते आणि तुम्ही खेकसता, "हे कोनाचं बोलनं हाय? तुहं सांग!" संध्याकाळी घरी दाखवायला थोडे पापड बांधून देता. त्या दुपारी म्हणजे मला मिळालेली सगळ्यात मोठी भेट, असं मी वर्गावर्गांत सांगत आले.

म्हणून आज मीही तेच केलं. मुलीच्या आईला फोन लावला, म्हटलं रविवारी माझ्याकडं पापड आहेत, लेकीला पाठवाल का? ती हसायलाच लागली. "काहून खोटं बोलता, मॅडम? पापड आता इकत भेटतात. लिव्हाले बसवता ना तिले? पाठवतो. भांडेकुंडे मी पायतो बाजारातून आल्यावर."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं. मी रविवार द्यायला निघाले होते, पण तो माझा नव्हताच. माझ्या नकाराची भांडी ती दमलेली बाई घासणार आहे. नकार मी मागं घेणार नाही, बाई, पण आता तो ताठ मानेनं सांगवत नाही.

आणि माझी आई? माझं लाटणं कोरडंठाक परत यायचं, पिठाचा कण नाही त्याला. तिला दिसलं नसेल? मी घरी यायचे तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असायची. कोणी घासली, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही निमित्त दिलंत, वेळ तिनं दिला.

आई अजून अकोल्यातच आहे. हे सगळं खरं तर तिला फोन करून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.